पलीकडे राहायला

"पलीकडे राहायला फक्त मेलेली माणसं जातात," ब्लासिना आजी म्हणाली आणि तिने पाय आढ्याला टांगलेल्या निजायच्या झोळीत वर ओढून घेतले. झोळीखाली घोटाभर समुद्र होता. चुलीतली लाकडं तरंगत दारापर्यंत आली होती.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आम्हा गुना लोकांचं बेट ते केवढं. जित्या माणसांनाच जागा पुरत नाही. माणूस गेलं की त्याला त्याच्याच झोळीत घालून होडीने पलीकडच्या किनाऱ्यावर नेतात आणि रानात ठेवून येतात. आजीचा नवरा तिथे होता, दोन बहिणी होत्या, एक मुलगा होता. रानात शेती करणारे पुरुषसुद्धा दुपार कलली की बेटावर परततात. आता त्याच रानाला लागून सरकारने ओळीने घरं बांधली होती. समुद्र दरवर्षी थोडा थोडा वर येत होता, आणि भर टाकून बेट उंच करायला आता दगड उरले नव्हते.

बेट रिकामं झालं ते मोठ्या थाटात. भाषणं झाली, पोरं नाचली, किल्ल्या वाटल्या. ज्यांच्या दाराला जन्मात कुलूप नव्हतं ती माणसं गळ्यात किल्ली अडकवून मिरवली. कोंबड्या, पत्रे, शिवणयंत्रं होडीत घालून लोक हात हलवत निघून गेले. गावप्रमुखही गेला. मागे आठ-दहा घरं उरली, त्यात आजीचं एक.

आजी हलेना म्हणून तिची मुलगी एनेइदाही हलेना. आमच्यात घर आईचं असतं. मुलगी आईपाशी राहते आणि जावई सासूकडे नांदायला येतो. आईला पाण्यात सोडून एनेइदा कशी जाणार? गेल्या उधाणात तिची सहा महिन्यांची पोर ज्या झोळीत निजली होती, ती झोळी खालून भिजली. तेव्हापासून एनेइदाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

जावई एलादियो भला माणूस, पण शेवटी त्याचाही धीर सुटला.

"सासूबाई, आपले पणजे-खापरपणजे तिकडूनच आले ना इथं? रानातल्या तापाला न् डासांना कंटाळून?"

"आले की. मग ते डास काय मेले?"

त्या घरात जावयाचा आवाज तसाही कमीच होता.

पुढच्या उधाणात पाणी गुडघ्याला लागलं. त्या सकाळी आजीने सांगून टाकलं की ती यायला तयार आहे, पण पलीकडे जसं जातात तशीच जाईल. तिने अंघोळ केली. ठेवणीतला, स्वतः शिवलेला झंपर घातला. गालांना लाल रंग लावून घेतला, झोळीत आडवी झाली आणि डोळे मिटले. मयताला सजवतात ते असंच.

पलीकडून म्हाताऱ्या इनिगिन्याला बोलावून आणलं. मेलेल्याला वाट दाखवणारं गाणं आता त्याला एकट्यालाच येत होतं. त्याने साफ नकार दिला. जित्या माणसाजवळ ते म्हटलं तर जीव खरोखरच वाटेला लागतो, असं त्याने बजावलं.

"लागू दे," आजी डोळे न उघडता म्हणाली. "तू गा."

म्हातारीने मरायचं ठरवलंय हे सगळ्यांना कळून चुकलं. तिने एकदा मनात आणलं की ते होणारच, हेही आम्हाला ठाऊक होतं.

बातमी लागली तशा पलीकडून होड्या आल्या. सगळं गाव पाण्यात उभं राहिलं. शेवटी इनिगिन्या गाऊ लागला. त्या गाण्यात माणसाचं अख्खं आयुष्य येतं. आजी जिथे रांगली ती वाळू आली, पाणी भरायच्या वाटा आल्या, नारळाची झाडं आली, शेजारणींची दारं एकामागून एक आली. बायकांनी हंबरडा फोडला. पुरुषांनाही आवरेना. माझ्या बापाला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. इतकं दुःख आमच्या पोटात होतं, याचा आम्हालाच पत्ता नव्हता.

आजीला झोळीसकट घेऊन होडी पलीकडे लागली. चौघांनी झोळीचा दांडा खांद्यावर घेतला. किनाऱ्यावरून थोडं चढलं की वाट फुटते. डावीकडे मेलेल्यांचं रान, उजवीकडे नवी घरं. पुढे एलादियो होता. तो तिथेच थांबला. त्याला पाऊल उचलवेना. एनेइदा आईचे पाय घट्ट धरून उभी होती आणि कुठेच नेऊ नका म्हणून सगळ्यांना विनवत होती.

आजीने डोळे उघडले. दांड्याला धरून ती उठून बसली आणि लेकीपासून इनिगिन्यापर्यंत सगळ्यांचे सुजलेले डोळे तिने नीट पाहून घेतले.

"आपलं बेट गेलं, न् इतक्या दिवसांत कुणी रडलंच नव्हतं," ती म्हणाली. "आता झालं ना? चला, घर दाखवा."