मागची बाजू

"आटलेला झरा अगदी खरा वाटतोय," बोर्ड गेम काढणारे साहेब खूश होते. त्यांच्या काल्पनिक रानाच्या नकाशासाठी मी षटकोनी तुकडे रंगवत होते. पुढच्या बाजूला हिरवं रान, मागच्या बाजूला तेच रान शाप लागल्यावरचं. नमुन्याला मी आमच्या गावचा डोंगर घेतला होता.

संध्याकाळी गावी एकटे राहणाऱ्या आबांचा फोन आला. "अगं, आपला झरा आटला. ऐन भाद्रपदात!"

योगायोग म्हणून मी सोडून दिलं. चार दिवसांनी देवळामागचा वड पडला, मी रंगवला होता तसाच, मुळं आभाळाकडे करून.

शेवटचा तुकडा आबांच्या घराचा होता. त्याची मागची बाजू मी रंगवलीच नाही, कोरीच पाठवली.

आज छापील तुकड्यांचा खोका आला. घराचा तुकडा मी उलटून पाहिला. छप्पर पार जमिनीला टेकलं होतं. सोबत साहेबांची चिठ्ठी: "कोरी कशी चालेल? दुसऱ्या चित्रकाराकडून करून घेतली."

मी फोन लावला. "आबा, आधी घराबाहेर या!"

"येतो गं," ते म्हणाले. "छपराचं आढं कशानं करकरतंय, तेवढं बघतो."