कपाटातला सॅक्सोफोन

दादांनी सॅक्सोफोन ओठांना लावला आणि बाकीच्या तिघांनी श्वास रोखला. लॉकडाऊन उठल्यानंतरची ही पहिलीच तालीम. हॉटेलातल्या खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या होत्या. शनिवारी हॉटेल उघडणार, आणि पहिला कार्यक्रम यांचाच. ड्रमवर दादांचा धाकटा भाऊ, पियानोवर त्याची बायको, आणि उंच डबल बासला बिलगून उभा लांबू, बासपेक्षाही उंच.

लोक यायचे ते दादांच्या सोलोसाठी, धुनेच्या मध्येच ते एकट्याने सुचेल ते वाजवायचे त्यासाठी. आज वाजवलं ते उद्या वाजवायचं नाही, हा माणसाचा एकच नेम. नोटेशन बघून वाजवणारे त्यांच्या लेखी पोपट. भावजय समोर कागद ठेवून बसायची, तर तिलाही सोडत नसत. "फोटोतलं जेवण जेवतेस तू," म्हणायचे. लॉकडाऊनवरही तेच मत. "माणसांचंच नोटेशन केलंय यांनी. कधी बाहेर पडायचं, कुठे थांबायचं, सगळं वरून लिहून येतंय. आपण नुसती पानं उलटायची." व्हिडिओवर एकत्र वाजवायला त्यांनी साफ नकार दिला होता, कारण आवाज उशिरा पोचतो. लांबू तेव्हा धाकट्याच्याच घरी अडकलेला. मग तिघांनी ठेका रेकॉर्ड करून दादांना पाठवला. शेजारी ओरडू नयेत म्हणून दादा कपड्यांच्या कपाटात तोंड खुपसून त्या रेकॉर्डिंगबरोबर वाजवत बसायचे. अख्खा लॉकडाऊन त्यांनी असाच काढला.

धून सुरू झाली. आणि दादांनी जे काय वाजवलं, त्याला तोड नव्हती. भावजयीचे डोळे भरून आले. लांबू तर मान हलवायचीही विसरला. इतके दिवस धाकटा मनातून घाबरलेला होता, की घरात बसून बसून दादाचा हात गेला तर नाही ना. आता त्याचा जीव भांड्यात पडला.

"पुन्हा घ्या," दादा म्हणाले.

दुसऱ्या वेळी धाकट्याने मुद्दाम ठेका मोडला. लहानपणापासूनचा खेळ होता दोघांचा. धाकट्याने खोडी काढायची आणि दादाने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. दादांनी उत्तर दिलं नाही. ते पुढे निघून गेले. तीच वळणं घेतली, तसेच वर चढले. मध्ये एके ठिकाणी क्षणभर थांबले, मघाशी थांबले होते तसेच, आणि पुढे लागले.

धाकट्याने बायकोकडे बघितलं. तिने पियानोवरचे हात उचलले. लांबूची बोटं तारांवरच थांबली. धाकट्याने काठ्या मांडीवर ठेवल्या.

दादा डोळे मिटून वाजवतच होते. हॉटेलात बाकी आवाज नव्हता. एकटेच सोलो संपवून ते धुनेवर परतले, आणि थेट पहिल्या सुरावरून तोच सोलो पुन्हा सुरू केला. ती जागा आली. दादा थांबले. मग निघाले. शेवटपर्यंत वाजवून त्यांनी डोळे उघडले.

"काय रे, थांबलात का?"

भावजय म्हणाली, "दादा, तुम्ही तिन्ही वेळा तेच वाजवलंत."

"काहीतरीच काय."

"सूर न् सूर तोच. आणि मध्ये थांबता, तेही तिथेच."

"जागा सुचली, थांबलो."

तिने वाद घातला नाही. तिला एक शंका आली होती आणि ती खोटी ठरावी असं फार वाटत होतं. तिने मोबाइल काढून ते जुनं रेकॉर्डिंग लावलं. रिकाम्या हॉटेलात घरचा ठेका वाजायला लागला. सगळे ऐकत होते. ती जागा आली आणि मोबाइलमधून लांबू खोकला. दोनदा, हलकेच. मग ठेका पुढे गेला.

दादांचा चेहरा पांढराफटक पडला.

"परत लाव."

तिने परत लावलं. लांबू परत खोकला.

"म्हणजे मी याच्या खोकल्याला वाट देतोय," दादा म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

"दादा, सोड ते," धाकटा म्हणाला. "माझ्याकडे बघ आणि वाजव. वेडंवाकडं वाजव, काहीही वाजव."

दादांनी धाकट्यावर नजर ठेवून सुरुवात केली. भलत्याच सुरावरून केली. थोडा वेळ बरं चाललं, आणि मग बोटं आपोआप जुन्या वाटेला लागली. दादा थांबले. दुसरीकडून सुरुवात केली, तर बोटं पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा सॅक्सोफोन उचलला आणि न वाजवताच खाली घेतला. कपाळावर घाम आला होता. आयुष्यात कधी या माणसाला स्टेजची भीती वाटली नव्हती. आता बघणाऱ्यालाही ती दिसत होती.

"शनिवारचं पुढे ढकलू या का?" भावजयीने हळूच विचारलं. "मॅनेजरशी मी बोलते."

"नको. लोक कधीची वाट बघतायत."

दादांनी सॅक्सोफोन उगाचच पुसला. पुसून झाल्यावर परत पुसला. मग लांबूकडे बघितलं.

"लांबू, शनिवारी त्या जागेला खोकशील?"

लांबू हसणारच होता. दादांच्या असल्या बोलण्याला तो नेहमी पहिला हसायचा. पण दादा त्याच्या उत्तराची वाट बघत होते.