देवाची भाषा

डॅनिश भाषेला डेन्मार्कात म्हणतात ‘डान्स्क’. नॉर्वेतही ‘डान्स्क’. स्वीडनमध्ये ‘डान्स्का’. डेन्मार्कच्या ताब्यातल्या आमच्या फेरो बेटांवर तेव्हा डॅनिश म्हणजे देवाची भाषा, कारण चर्चमध्ये दुसरी चालतच नसे.

बापाची शवपेटी खड्ड्यात उतरली. पाद्रींनी डॅनिश प्रार्थना सुरू केली. माझी आई पुढे झाली.

“थांबा, पाद्रीबुवा! माझा नवरा जन्मात डॅनिश बोलला नाही. त्याला आपल्या बोलीत निरोप द्या.”

“बोली बोटीवर ठीक आहे, बाई. देवापुढे नाही.”

“का? देवाला कळत नाही, की तुमची जीभ विटाळते?”

पाद्रींनी पुस्तकात मान घातली आणि डॅनिशमध्येच तीनदा माती टाकली.

लहानपणी याच पाद्रींना वल्हं मारायला माझ्या बापानं शिकवलं होतं, आमच्याच बोलीत, शिव्या घालत.