अकरा मिनिटांची शांतता

"श्रद्धांजलीला कुणी कानटोपी घालून येतं का? तीही भर उन्हाळ्यात?" अंतराळवीराच्या आईने शेजारी बसलेल्या अंतराळ मंडळाच्या अध्यक्षांना विचारलं.

अध्यक्षांचा फक्त डावा डोळा ओला होता. कॅमेरा डावीकडेच होता.

आईने इस्पितळाच्या भांडारात तीस वर्षं सुया मोजल्या होत्या. जुळत नाही ते तिला गिळवत नसे, आणि इथे काहीच जुळत नव्हतं. लेकीच्या यानात चाळीस दिवसांची हवा. यान गप्प झालं, अठराव्या दिवशी मंडळाने शोध थांबवला, आणि आज पंचविसाव्या दिवशी चौकात पुतळासुद्धा उभा! एवढी घाई कसली? शांतता पाळायची ती दोन मिनिटं, इथे अकरा. त्यात देशभर रेडिओ बंद, फोन बंद, उडत्या गाड्या जमिनीवर, घरोघरच्या बिनतारी बेलसुद्धा बंद. बेलचं वाचून तर तिला भर दुःखात हसू फुटलं होतं. तिची लेक कधी बेल वाजवायचीच नाही. दारावर दोन थापा, जरा दम, मग एक.

आणि हे सगळे नियम म्हणे त्या कानटोप्याचे. मंडळातला साधा रेडिओ-तंत्रज्ञ, शोकसमितीत हट्टाने घुसलेला.

भोंगा झाला. चौकाने माना खाली घातल्या. कानटोप्याने घड्याळ पाहिलं, टोपीत बोट खुपसून काहीतरी दाबलं आणि डोळे मिटून घेतले. कसे, तर गाणं ऐकणारा मिटतो तसे.

आईने त्याला दोन ढांगांत गाठलं आणि टोपी ओढली. कानात बटणाएवढं यंत्र.

"माझी पोर गेली, आणि तू मॅच ऐकतोस मेल्या?"

"हळू, काकू!" तो कुजबुजला. "यान आपल्या डोक्यावर येतं ते अकराच मिनिटं. त्याचा आवाज इतका बारीक, की इथल्या रेडिओ-फोनच्या गोंगाटात बुडून जातो. शोधासाठी देश बंद ठेवा म्हणून सगळ्यांच्या पाया पडलो. कुणी ऐकेना. शोकासाठी म्हटलं, तर एका बैठकीत मंजूर."

आईचा हात टोपीसकट खाली आला.

"मग? येतंय काही?"

"बोलणं नाही. नुसती खरखर आणि टकटक. सुटलेला पत्रा आपटत असेल."

तिने यंत्र आपल्या कानात बसवलं. एकदा मोजलं. विश्वास बसेना, म्हणून पुन्हा मोजलं.

दोन थापा. जरा दम. मग एक.