लखूची दुसरी नोट

"हात लावायचा नाही. नुसतं बघायचं," पुंडलिकशेट म्हणाले आणि पांढरे हातमोजे चढवून त्यांनी सागवानी कपाट उघडलं.

फुलानं हात पदराखाली घेतले. शेजारी तिची थोरली बहीण पारूअक्का मात्र मांडीवर लाल फडक्यातलं गाठोडं घेऊन, देवळात बसावं तशी बसली होती.

शेटनी एक जाड वही काढली. आत हातकागदाच्या घड्या, प्रत्येक घडीत एक नोट. जर्मनीत कैसरचं राज्य नवं होतं तेव्हाच्या नोटा. पन्नास वर्षं त्यांनी त्या जमवल्या होत्या. बायको गेली, मूलबाळ नव्हतं. जीव सगळा त्या कपाटात. दिवाळीनंतर ते कपाट बेळगावच्या एका संग्रहालयात जायचं होतं, त्यांच्या नावाच्या दालनात.

"ही बघा. पाच मार्क, अठराशे चौऱ्याहत्तर. तुमच्या बाबाची."

फुलानं ओळखली. कोपऱ्यावरचा तेलाचा डाग आईच्या बोटाचा. दर दसऱ्याला ती नोट देव्हाऱ्यात यायची. घाटात रेल्वेची मापं घ्यायला आलेल्या जर्मन साहेबाला तापात पाठीवर घेऊन पणजोबांनी दिग्गीहून कॅसलरॉकला पोचवलं, त्याची ती खूण. मग एक दिवस रामनगरहून हे शेट आले, तेव्हा तरणेबांड. नोट उलटीसुलटी करून त्यांनी बाबाला, लखूला, बाजूला घेतलं. "खोटी हाय रे. पोलिसांनी बघितली तर बेडी पडंल. दे इकडं, जाळून टाकतो."

लखूनं नोट देऊन वर त्यांचे पाय धरले होते.

त्यानंतर जीपचा आवाज आला की बाबा रानात पळायचा. एका आषाढात पळाला तो तिसऱ्या दिवशी ओढ्यात सापडला. ती जीप कुळगीला वाघ बघायला निघालेल्या पाहुण्यांची होती.

गेल्या वर्षी पेपरात शेटचा फोटो आला, हातात तीच नोट. सोबत त्यांची लांबलचक मुलाखत, नोटा कशा जपतात त्याची. दोघी बहिणींनी चुलीसमोर शपथ घेतली, ह्याला सोडायचं न्हाई. अक्कानं ती मुलाखत नातवाकडून चारदा वाचून घेतली. पण नंतर तिला देवदेव लागलं. शिमग्यापासून रोज वाटीभर पेज घेऊन माळ्यावर चढायची. विचारलं तर म्हणायची, देवाला.

"जाळतो म्हणाला व्हता न्हवं?" फुलाच्या तोंडून निघून गेलं.

शेट हसले. "जाळली असती तर आज दिसली असती का, फुलाबाई? तुमच्याकडं राहिली असती तर चुलीच्या धुरात केव्हाच गेली असती. उपकार माना."

आता अक्का थुंकेल, फुलाला वाटलं. निदान नोट हिसकून फाडेल.

अक्कानं फडकं सोडलं. आत चामड्याच्या पुठ्ठ्याचं जाडजूड पुस्तक होतं. त्याला आंबूस वास येत होता. तिनं मधलं एक पान अलगद उघडलं.

शेट पुढं वाकले. "वीस मार्क. त्याच साली. पारूबाई, ही कुठनं आली?"

"साहेबानं दोन दिल्या व्हत्या. ही आईनं दडवली. पुस्तकबी त्याचंच. पयल्या पानावर सही हाय बघा."

"काय घ्याल हिचं?"

"काय नको. आमच्या मागं हिला कोण बघतंय? तुमच्या कपाटात ऱ्हाईल. पुस्तक तेवढं परत नेऊ?"

"छे, छे. नोट जिथं सापडली त्यापासून तोडायची नाही, हा माझा नियम. पुस्तक हाच तिचा दाखला."

"मग हलवू नगा जास्त. पानं सुटल्यात."

"मला शिकवताय होय?" शेटनी पुस्तक तान्ह्या पोरासारखं उचलून मधल्या फळीवर, वह्यांच्या मधोमध ठेवलं.

"पावसाची बुरशी न्हाई लागत व्हय?"

"कशी लागेल? आता परवा मिरग. आज कपाट बंद केलं की उघडणार थेट दिवाळीला. प्लास्टिक नाही, त्याला घाम सुटतो. डांबरगोळ्या नाहीत, त्यांनी कागद बिघडतो. नुसता सुका हातकागद." त्यांनी कुलूप लावलं आणि फटीवर चिकटपट्टी ओढली. "मन मोठं हो तुमचं, पारूबाई."

दोघी रामनगरच्या स्टँडवर आल्या. तिथं फुला फुटली.

"एक त्यानं गिळली, दुसरी तू ताटात वाढून आलीस. बाबा ओढ्यात कसा पडला व्हता, विसरलीस? रोज माळ्यावर पेज नेतीस, त्या देवानं हीच अक्कल दिली व्हय तुला?"

पारूअक्कानं चंची सोडली. पानाला चुना लावला. लांबून जोयड्याची बस येताना दिसली, तशी ती उठली.

"माळ्यावर कुठला गं देव?" ती म्हणाली. "त्या पुस्तकात कागद खाणारे चंदेरी किडे झाले व्हते, त्यांस्नी पोसत व्हते. आता दिवाळीपतोर शेटकडं जेवतील."