पहिल्या घासाची उचकी

मिरची कुटायच्या डंकावर पहिला घाणा भूपाल आण्णांचा होता. जैनांच्या तिखटात कांदा-लसूण नसतो, म्हणून डंकवाली रंगूबाई उखळ स्वच्छ पुसून त्यांचं सकाळी आधी कुटून द्यायची. लोखंडी मुसळं धपाधप पडत होती. कुंडलच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये जो येईल तो शिंकत होता.

आण्णांची लेक ब्राह्मी इस्लामपूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, जाळाला लवंगी, एवढं तिला ठाऊक होतं. किती, ते फक्त आईला. आई, गुणमालाबाई, दिवाळीत गेल्या. त्यांच्या हातच्या तिखटाची बरणी परवा तळाला गेली.

"खूण एकच," ब्राह्मी रंगूबाईला म्हणाली. "पहिल्या घासाला आण्णांना उचकी लागली पाहिजे. आईच्या तिखटानं लागायचीच."

तिनं घरून भाकरी आणि शेंगतेल आणलं होतं. उखळातलं चिमूटभर तिखट तेलात कालवून तिनं घास पुढे केला. आण्णांनी तो शांतपणे खाल्ला.

"चांगलं झालंय."

"म्हणजे फसलं," ब्राह्मी म्हणाली आणि पिशवीतली मूठभर लवंगी उखळात टाकली.

दुसऱ्या घासाला आण्णांचे कान लाल झाले. उचकी नाही.

"आणखी घाल," आण्णा स्वतःच म्हणाले.

तिसरा घास. आण्णा थबकले, छाती हलली, आणि शेडभर ऐकू जाईल अशी उचकी आली.

"हेच!" ब्राह्मीनं टाळी वाजवली. "बंद करा मुसळ!"

मुसळ थांबलं, उचकी थांबेना. आण्णा तांब्याभर पाणी प्यायले. उलट वाढली.

"पाण्यात नाही विरघळत ते, आण्णा. तिखटातलं कॅप्सेसिन तेलात, तुपात विरघळतं. ताक आणते थोडं."

"ताकबिक काय नगं," रंगूबाई म्हणाली. "आवं, कुनीतरी आठवण काडाय लागलंय. नावं घ्या. बरोबर नावाला थांबती."

"सांगलीची आत्या," ब्राह्मी हसत म्हणाली. हिक्.

"तुमचा पुण्याचा नातू, अतिशय," एक बाई म्हणाली. त्याचंही नाव चाललं नाही. हिक्.

"मग शेजारचा हरिबा आसंल," रंगूबाई म्हणाली. "त्येचा पाण्याचा पाइप न्हेलाय न्हवं तुमी, आजून दिला न्हाई." हिक्! सगळी शेड हसली. आण्णाही हसले, डोळे पुसत.

नंबर लावून बसलेल्या बायकांनी मग गावातली निम्मी माणसं घेतली. एकेक नाव पडायचं, सगळे कान लावायचे, आणि हिक्. हळूहळू नावं सरली. उरलेलं एक सगळ्यांना ठाऊक होतं. ते कुणी घेईना.

ब्राह्मीनं तोंड उघडलं. आण्णांनी हात वर करून तिला थांबवलं.

"त्ये नाव नगं घिऊस," ते म्हणाले. "थांबंल उचकी."

आणि भाकरीसाठी हात पुढे केला.