पुतण्याचा एकच हट्ट

चार वर्षांपूर्वी मोठा भाऊ दुकानातल्या माळ्यावरून पडून गेला, तेव्हापासून दुकान आणि पुतण्या दोन्ही शिंपीकाकांच्याच पदरात होते. त्या दिवशी पोर ऊर फुटेस्तोवर ओरडत होतं, "काकांनी शिडी ओढली!"

काकांनी त्याला पोटाशी धरून जमलेल्यांना सांगितलं होतं, "बिथरलंय हो लेकरू. आणि तेराच्या आतल्या पोराची साक्ष आपल्या यहुदी धर्मात तरी कुठे धरतात?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. पोर गप्प झालं. पुढे त्याने कधी काही मागितलं नाही. हट्ट एकच, तेरा पूर्ण झाली की बार मित्झ्वाचा विधी झालाच पाहिजे, आणि तोही सगळ्यांसमोर.

काकांनीही हात आखडता घेतला नाही. कोट स्वतः शिवला. आज भरल्या सिनेगॉगमध्ये पोराने तोरा हा धर्मग्रंथ असा खणखणीत वाचला, की पहिल्या रांगेत बसलेल्या काकांचा ऊर भरून आला.

धर्मगुरूंनी पोराची पाठ थोपटली. "शाब्बास! आजपासून तू मोठ्या माणसांत जमा. बोल, काही विचारायचंय?"

पोराने काकांकडे बघत विचारलं,



"आता माझी साक्ष धरतात ना?"